सोनचाफ्याची काच

"अहो, तुमच्या फुलाला हीव भरलंय की काय?"

पुढच्या खोलीत लादीवर गुडघे टेकून मी कागद जोडत होते. टीपॉय गॅलरीत गेलेलं, खुर्च्या पलंगावर उलट्या, आणि मधे सगळे कागदच कागद. ह्यांनी कॉम्प्युटरवर काढलेलं सोनचाफ्याचं फूल स्टेशनाजवळच्या डीटीपीवाल्याने छापून दिलं होतं. त्याचा प्रिंटर पडला वहीच्या पानाएवढा आणि फूल हवं होतं खिडकीएवढं. म्हणून ते तुकड्या-तुकड्यांत छापलेलं, आणि कडेला कड जुळवून सेलोटेपने जोडायची कामगिरी माझी. जन्मभर लोकांचे ब्लाउज शिवलेल्या बाईला त्यात अवघड काही नाही. नुसते गुडघे बोलतात.

शेवटचा कागद चिकटवून मी उभी राहिले आणि तेव्हा मला ते दिसलं. पडद्यावर तळहाताएवढं होतं तेव्हा फूल कसं नीटस दिसत होतं. इथे लादीवर प्रत्येक पाकळीची कड थरथरलेली. एखादी रेष चुकली असती तर समजू शकते. सगळ्याच रेषांना बारीक बारीक दाते पडलेले. म्हणून मी आपली गंमत केली. वर आणखी म्हटलं, "देठ तर बघा, तापाने फणफणलाय बिचारा. काढा पाजा त्याला."

श्रीपाद टिपणीस हा माणूस माझ्या कुठल्याही टोमण्याला उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. आमचा संसार त्यावरच चाललेला आहे. त्या दिवशी हे दारात उभे होते, दोन्ही हात काखेत दाबून. नुसते त्या फुलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गुंडाळून ठेव," आणि चपला घालून खाली निघून गेले. शर्टाचं वरचं बटण उघडंच होतं.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

गेलं वर्षभर हे अर्धाच कप चहा घेत होते. त्यावरून आमची किती भांडणं झाली म्हणून सांगू! "अर्धा कप काय? पाहुणे आहात का?" असं मी म्हणायची. "अ‍ॅसिडिटी होते गं," हे म्हणायचे. बरं, अ‍ॅसिडिटी होते तर थोड्या वेळाने पुन्हा अर्धा का मागायचे? शर्टाची वरची बटणं लावणं सोडलं, तर म्हणे उकडतं. भातावर आमटी मी वाढायची, दाढी करताना मोरीचं दार लावून घ्यायचं, बँकेत सही करायची झाली की "तूच जा" म्हणायचं. समोरच्या बिल्डिंगीत कोणाकडे कुठला पाहुणा आला ते मी बसल्या जागी सांगते, आणि माझ्याच घरात ह्या माणसाने मला स्वतःचा हात दिसू दिला नाही. रडू नंतर आलं. आधी आला तो राग.

कारण ह्यांचं सगळं आयुष्य त्या हातावर चाललेलं. ठाण्याला छपाईची चित्रं करणाऱ्या एका प्रोसेस स्टुडिओत हे आर्टिस्ट होते. बिस्किटांच्या पुड्यावरची गव्हाची लोंबी, उदबत्तीच्या पाकिटावरचा मोर, औषधाच्या खोक्यांवरची मुंगीएवढी अक्षरं, सगळं हाताने. त्या धंद्याची एक रीत होती. चित्र नेहमी मोठं काढायचं, छापायचं त्याच्या दुप्पट, आणि मग कॅमेऱ्याने लहान करायचं. लहान केलं की हाताची बारीकसारीक चूक गिळली जाते, दिसेनाशी होते. "आपलं पोट लहान करण्यावर आहे," असं हे हसत सांगायचे. मग कॉम्प्युटर आले आणि मोर, लोंब्या, अक्षरं सगळं त्यात गेलं. मालकाने एके दिवशी सगळ्यांना वडापाव खिलवला आणि स्टुडिओला कुलूप लावलं.

त्यानंतर हे घरात नुसते बसून होते. माझ्या शिवणाच्या चिंध्या गोळा करायचे, भाजी आणायचे, पेपर उलटसुलट वाचायचे. एक दिवस उठले आणि आमच्या डोंबिवलीतल्याच एका कॉम्प्युटर क्लासला नाव घालून आले. केस तेलपाणी लावून बसवलेल्या पोरांच्या रांगेत हा टक्कल पडलेला माणूस. नाशिकच्या जावयाने नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा शुभदाने, आमच्या मुलीने, जुना आमच्याकडे टेम्पोत घालून पाठवून दिला. मी त्याला पडद्याच्या कापडाचं कव्हर शिवलं. ह्यांनी त्यावर चित्रं काढायचं कोरल ड्रॉ शिकून घेतलं, आणि माजिवड्याच्या नाक्याजवळ गोपीनाथचं काचेचं दुकान आहे तिथे जाऊन सरळ काम मागितलं.

ठाण्यात तेव्हा जिकडे तिकडे नव्या बिल्डिंगी उठत होत्या आणि लोकांना दारात, जिन्यात, देवघरात रंगीत काच हवी असायची. रंगीत काचेचे तुकडे कापायचे, शिशाच्या पट्टीने एकमेकांना सांधायचे, की झालं फूल. गोपीनाथकडे एक सीडी होती, त्यात गुलाब, कमळ आणि ते परदेशी ट्युलिप. गिऱ्हाईक त्यातलं काहीतरी निवडायचं. आर्टिस्टची गरजच नव्हती. ती गरज आवडाबाईने निर्माण केली.

आवडाबाई खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. मुलाने जुन्या घराच्या जागी माडीचं घर बांधलं, तर हिने सांगितलं, जिन्याच्या खिडकीत मला सोनचाफा पाहिजे. गोपीनाथने तिला पिवळा ट्युलिप दाखवला आणि म्हणाला, हाच सोनचाफा, मावशी. म्हातारीने अंबाड्यातली वेणी काढून काउंटरवर ठेवली. "बग, ह्यो चाफा. नि तुजा त्यो कांदा हाय." गोपीनाथने मुकाट्याने ह्यांना निरोप धाडला. "काका, हे फूल करून दाखवा. जमलं तर एक तारखेपासून तुम्ही माझे कायमचे."

कायमचे! ह्या वयात हा शब्द परत कोण वापरणार होतं ह्यांच्यासाठी?

आणि ह्यांनी केलं काय, तर त्या पडद्यावर मावेल एवढं फूल काढलं. माऊस धरून, थरथरत्या हाताने, एकेक पाकळी. लांबून डोळे किलकिले करून बघितलं, छान दिसलं, आणि दिलं खिडकीएवढं मोठं करून. लहान करून बघायची जन्माची सवय. मोठं केल्यावर काय दिसतं ते बघायची वेळच आयुष्यात आली नव्हती.

दिवेलागणीला हे परत आले. मी चहा टाकला होता. भरलेला कप समोर ठेवला आणि बघत बसले.

"उचला ना."

"नंतर घेतो."

"कधीपासून आहे हे?"

"काय कधीपासून?"

"मला शेंड्या लावू नका हं. हात बघू."

ह्यांनी हात पुढे केला. एखाद्या पोराने शाळेत छडी खाताना करावा तसा. उजव्याची बोटं थरथरत होती, डावा थोडा कमी.

"स्टुडिओ होता तेव्हापासूनच आहे," हे म्हणाले. "थोडं थोडं. तो शेवटचा मोर मी श्वास रोखून काढलाय, सुमती. एक पीस, मग श्वास. एक पीस, मग श्वास."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगून काय होणार होतं? तू काय माझा हात धरून बसणार होतीस?"

"बसले असते!" मी एवढ्याने ओरडले की शेजारच्यांचा टीव्ही बारीक झाला. "दिवसभर धरून बसले असते! परकी आहे का मी?"

ह्यांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "दादांना पण होतं. आत्ता कळतंय मला." दादा म्हणजे माझे सासरे. ते कधी कोणाकडे चहा घ्यायचे नाहीत. लग्नकार्यात सगळ्यांचं आटोपल्यावर कोपऱ्यात पाठ करून जेवायचे. नातेवाईक त्यांना 'सोवळे टिपणीस' म्हणायचे. रविवारी कोलंबी नसली तर ताटावरून उठणारं आमचं घर, त्यात कसलं आलंय सोवळं! पण कोणालाच कधी शंका आली नाही.

दुसऱ्या दिवशी धरून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कागदावर गोल गोल चकली काढायला सांगितली. ह्यांची चकली बघून मला वर बघवेना. डॉक्टर म्हणाले, "नुसता कंप आहे. घराण्यात असतो. गोळीने जरा कमी होईल, जायचा नाही. पण जिवाला काही धोका नाही."

"जिवाला नाही," हे म्हणाले आणि हसले. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

घरी आल्यावर कपडेही न बदलता हे फोनकडे गेले. गोपीनाथला नाही म्हणून सांगतो म्हणाले. मी रिसीव्हरवर हात ठेवला.

"खबरदार. फूल मी काढते. तुम्ही सांगा."

"तू? तुला धड आंबा काढता येत नाही."

"आणि दिवाळीत दारात रांगोळी काढते ती कोण? तुमची आत्या?"

"ती ठिपक्यांची असते गं."

"मग तुम्ही तरी काय करता त्यात? ठिपकेच तर लावता आणि जोडता."

हे थांबले. मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. "तसंच आहे," म्हणाले. "अगदी तसंच आहे म्हणा."

झालं. दुपारची भांडी घासून झाली की मी कॉम्प्युटरसमोर आणि हे माझ्या मागे स्टुलावर, हात मांड्यांखाली दाबून. टेबलावर वाटीत पाणी घालून एक सोनचाफा. तो फुलवालीकडून रोज ताजा आणायचा, कारण चैत्रातल्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत त्याचं पार भरीत व्हायचं.

काय ती शिकवणी! माऊस माझ्या हातात साबणाच्या वडीसारखा सटकायचा. ठिपका लावायचा, मग त्याला दोन शिंगं फुटतात, ती शिंगं ओढली की रेष वाकते. मी शिंग ओढलं की पाकळीची पिशवी व्हायची.

"वर. थोडं वर. अगं, थोडं म्हटलं ना! आता केसभर डावीकडे."

"केसभर म्हणजे कोणाच्या केसभर? माझ्या का आवडाबाईच्या?"

"तुझ्या. आवडाबाईचे जाड आहेत."

"बरं निरखून आलात!"

असं चालायचं. एवढं मात्र सांगते, ह्यांच्या डोळ्याला तोड नाही. मला दोन रेषा एकसारख्या दिसायच्या आणि ह्यांना त्यातली एक मेलेली दिसायची. "बघ, चाफ्याची पाकळी सरळ जात नाही. टोकाशी जरा आत वळते. आणि सगळ्या एका बाजूने वळत नाहीत. ही एक वळायची राहिली आहे, ती तशीच राहू दे." मी वाटीतल्या फुलाकडे बघितलं तर खरंच तसं. जन्मभर हे फूल केसांत घातलं आणि कधी नीट बघितलं नव्हतं. हा माणूसही इतकी वर्षं रोज डबा घेऊन जायचा, संध्याकाळी बोटांना शाई लावून यायचा, मी शाईच्या डागांवरून बोलायची. दिवसभर तिथे बसून हे असं बघत असेल असं काही माझ्या मनात आलं नव्हतं.

पहिली पाकळी पुरी झाली तेव्हा मी मोठ्या हौसेने पिवळा रंग निवडला. काही झालं नाही. पुन्हा निवडला. पाकळी पांढरीच.

"बिघडला तुमच्या जावयाचा डबा."

"बिघडला नाही. कुठेतरी उघडं राहिलंय. पाकळी पुरती बंद झाल्याशिवाय आत रंग भरत नाही. मोठं कर. अजून मोठं कर." आता मोठं करायला शिकले होते. एवढं मोठं केलं की नुसती एक काळी रेघ पडदाभर. तिच्या शेवटाला सुई जाईल एवढी फट. "हं. ती सांध. काचेलाही तसंच लागतं. रेष मधेच सोडून चालत नाही, शिसं कशाला धरणार मग? भिवाजी शिव्या घालेल."

भिवाजी म्हणजे गोपीनाथच्या दुकानातला काच कापणारा. त्याच्या शिव्या नकोत म्हणून मी ती फट सांधली. टिचकी मारली आणि पाकळी पिवळीधमक झाली. "अगं बाई!" मी लहान पोरीसारखी टाळी वाजवली. हेही हसले. त्या दिवशी चांगले हसले.

रोजच असं हसण्यावारी जायचं नाही. पाठ भरून यायची, डोळ्यांतून पाणी गळायचं, लग्नसराईचे ब्लाउज शिवायचे पडलेले आणि बायका दारात तगादा लावून उभ्या. एका दुपारी एकाच पाकळीवर ह्यांनी मला इतकं वर-खाली नाचवलं की मी खुर्ची मागे ढकलून उठले. "मला नाही जमत. पोळ्या मी करायच्या, शिवण मी करायचं, वर तुमची ही चाकरी! आणि बोलणी पण मीच खायची!" आत जाऊन मी ओट्याशी उभी राहिले. बाहेरून काही आवाज येईना. डोकावून बघितलं तर हे माझ्या जागी बसले होते. उजवा हात माऊसवर आणि त्या हाताचं मनगट डाव्या हाताने घट्ट दाबून धरलेलं. पडद्यावर मी केलेली पाकळी वेडीवाकडी पळत होती. हे ओठ आवळून एक ठिपका जागेवर बसवायला बघत होते आणि तो बसत नव्हता. मग ह्यांनी हात सोडून दिला. माऊस बाजूला सारला आणि नुसते बसून राहिले.

मला ह्यांची इतकी माया आली की तिचाच राग आला. काय करावं कळेना. मी जाऊन म्हटलं, "उठा. माझी पाकळी बिघडवलीत ना?" हे स्टुलावर जाऊन बसले. बराच वेळ आम्ही 'वर' आणि 'खाली' एवढंच बोललो.

अक्षय्य तृतीयेच्या आधी फूल संपलं. पुन्हा ते तुकड्यांत छापून आणलं, पुन्हा टीपॉय गॅलरीत गेलं, पुन्हा मी गुडघे टेकून सेलोटेप लावली. ह्या वेळी रेषा साफ होत्या. हे हात मागे बांधून फुलाच्या भोवती फिरले. एकदा, दोनदा. वाकून बघितलं.

"बरं आहे," म्हणाले.

माझ्या माशाच्या कालवणालासुद्धा ह्या माणसाने कधी 'बरं आहे'च्या वर मार्क दिलेले नाहीत. मी कागद गुंडाळला.

माजिवड्याला दोघं मिळून गेलो. गोपीनाथने टेबलावर कागद पसरला. तो असेल पस्तिशीचा, बोलण्यात चटपटीत. भिवाजी आतून आला, त्याच्या बोटाला चिंधी बांधलेली. त्याने एका पाकळीच्या कडेवरून बोट फिरवलं. "लाइन साफ हाय, काका. कापाला मजा येल."

"मानलं, काका!" गोपीनाथ म्हणाला. "हातात जादू आहे तुमच्या. बस, एक तारखेपासून या. मी नवा कॉम्प्युटर टाकतोय इथेच, काउंटरला. गिऱ्हाईकाला शेजारी बसवायचं, तो म्हणेल ते तुम्ही समोरच्या समोर काढून दाखवायचं. बघत राहील तो. काय?"

घरून करून आणलं असतं तर सगळं निभावलं असतं. काउंटरवर, गिऱ्हाईकाच्या नाकासमोर, कसं निभावणार? हे खिशात हात घालून उभे होते. "वास्तुशांत होऊ दे आवडाबाईंची," म्हणाले. "मग सांगतो."

"सांगायचं काय त्यात? आलातच समजा."

घरात शिरल्यावर मी सुरू केलं. "गोळीने कमी होतंय ना?"

"कपभर चहा सांडायचा तो अर्धा कप सांडतो."

"मी येऊन बसते दुकानात. तुमच्या शेजारी."

"आणि गिऱ्हाईकाला काय सांगशील? ह्यांचा हात घरी राहिलाय?"

"अहो, सांगायचंच कशाला? म्हणा, मला घरूनच जमेल. पाठीचं दुखणं आहे म्हणा. गुडघा म्हणा. काहीही म्हणा, पण हे नका सांगू. एकदा कळलं की संपलं."

"बघू," म्हणाले.

वास्तुशांतीला आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं. कोळीवाड्याच्या अरुंद गल्लीत मांडव घातलेला, लाउडस्पीकर लावलेला, जाळी एका बाजूला गुंडाळून ठेवलेली. घरात पाऊल टाकलं आणि समोर जिना. जिन्याच्या वळणावर आमचं फूल.

कागदावर बघितलेलं, पडद्यावर बघितलेलं, तरी मला धक्का बसला. मागून ऊन येत होतं. पाकळ्या पेटलेल्या, मधे नारिंगी, देठाकडे हिरवट, आणि ती न वळलेली एक पाकळी तशीच ताठ. पायऱ्यांवर पिवळा उजेड पडलेला आणि पोरं त्यात पाय ठेवून आपले पाय पिवळे झालेले बघत होती. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचे डोळे भरून आले होते. शर्टाची सगळी बटणं लावलेली होती. सकाळी मीच लावून दिली होती.

आवडाबाई समोरून आली, हिरवंगार लुगडं, अंबाड्यात चाफ्याची वेणी. "ये गो बाय, बस. बसा, मास्तर." आर्टिस्ट म्हणजे मास्तर, असा तिचा हिशेब, आणि 'ड'चा 'र' अशी तिची बोली. "मना जाम आवरलं फूल. मी येते-जाते नि बगते. माजी सून म्हनते, आत्या, जिन्यानं परशील."

माणसं खूप होती. आम्हाला भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसवलं. समोरच गोपीनाथ, नव्या शर्टात, शेजारच्या माणसाला फुलाकडे बोट दाखवून सांगत होता, आमच्या काकांनी काढलंय, आता ते आमच्याकडेच आहेत. आवडाबाई स्वतः किटली घेऊन फिरत होती, सून मागून कपबश्या देत होती. आणि चहा कसा? काठोकाठ. बशीत आल्याशिवाय म्हातारीला तो दिल्यासारखा वाटत नसावा.

कप ह्यांच्यासमोर आला. ह्यांनी हात मांडीवरच्या पिशवीखाली सारले.

"मला नको, आवडाबाई. मी चहा घेत नाही."

"नव्या घराचा चा हाय, मास्तर. नाय म्हनू नको."

"खरंच नको."

"बग गो, कसा करतंय! माज्या घरचा नको काय तुमाला?" ती हसतच म्हणाली, पण हातातला कप तसाच धरून उभी राहिली. आजूबाजूची माणसं बघायला लागली. गोपीनाथ पण बघत होता. कोळणीच्या घरचा चहा हे टिपणीस घेत नाहीत, असं सगळ्यांना वाटणार. आणि घेतला तर भर सभेत अंगावर सांडणार. मला एकदम सासरे आठवले, कोपऱ्यात पाठ करून बसलेले. जन्मभर लोकांनी त्यांना शिष्ट म्हटलं आणि त्यांनी म्हणू दिलं.

मी हात पुढे करून तो कप घेतला. तोंडाला लावला आणि अर्धा होईपर्यंत प्यायले. जीभ भाजली. मग तो अर्धा कप ह्यांच्यापुढे धरला.

आमच्या पिढीतल्या बायका नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवल्या. मीही सुरुवातीला जेवले. पण बायकोचं उष्टं नवऱ्याने घ्यायचं, तेही चारचौघांत, हे कुठे बघितलंय कोणी? भिंतीकडेच्या दोघी-तिघी बायका पदराआड हसल्या.

"काय गो बाय," आवडाबाई म्हणाली, "नवऱ्याचा चा तूच पितंस?"

"साखर बघितली," मी म्हटलं. "ह्यांना जास्त चालत नाही."

हे माझ्याकडे बघत होते. मग पिशवीखालून दोन्ही हात काढले आणि कप धरला. हात थरथरत होता. कपात चहा इकडून तिकडे हलत होता, पण अर्ध्या कपातला चहा काठापर्यंत येत नाही. हे प्यायले. शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि रिकामा कप मांडीवर धरून म्हणाले, "गोपीनाथ."

मला कळलं. मी ह्यांच्या कोपराला चिमटा काढला. काही उपयोग झाला नाही.

"गोपीनाथ, मला दुकानात नाही जमायचं. माझा हात चालत नाही. हे फूल मी नुसतं सांगितलं. काढलंय सगळं हिने. गिऱ्हाईकासमोर बसून मला एक रेष ओढता यायची नाही. घरून चालत असेल तर मी सांगेन आणि ही काढेल."

कोणी विचारलं नव्हतं हो ह्यांना! गप्प बसले असते तर निदान महिना-दोन महिने तरी निघाले असते. मला हंबरडा फोडावासा वाटला. गोपीनाथने ह्यांच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या बशीकडे.

"असं होय," तो म्हणाला. "बघू, काका. काही असलं तर निरोप पाठवतो."

ठाण्यात काय आणि डोंबिवलीत काय, बघू म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. तो शेजारच्या माणसाशी दुसरंच काही बोलायला लागला. हे मात्र खुर्चीला टेकून बसले, हात उघडे मांडीवर, थरथरतायत तर थरथरतायत. जिन्याकडे बघत होते. मी डोळे पुसायला पदर घेतला आणि नाक पुसल्यासारखं केलं.

आवडाबाई किटली घेऊन दुसऱ्या फेरीला निघाली. नको-नको म्हणणाऱ्यांच्या कपात काठोकाठ ओतत, एकेकाला बजावत ती आमच्यापर्यंत आली. वाकली. ह्यांच्या हातांकडे एकदा बघितलं. मग कप स्वतःच धरून तिने चहा ओतला, आणि अर्ध्यावर किटली उचलली.

"संपला का परत मांग, मास्तर," म्हणाली, आणि पुढच्या माणसाकडे गेली.